विंचवाची नांगी आणि शरीरातील मज्जासंस्था

विंचवाचा दंश ही महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनाला अपरिचित गोष्ट नव्हे. संत एकनाथांनी आपल्या भारुडात कामक्रोधाच्या दाहाला विंचवाच्या नांगीची उपमा दिली, ती याच नित्याच्या अनुभवावरून. शेतात गवत उचलताना, पडवीतील सरपण काढताना, कौले शाकारताना किंवा पायात चप्पल सरकवताना विंचू डसतो आणि रात्रभर ठणका सोसावा लागतो. बहुतेकांच्या बाबतीत दुसऱ्या दिवशी दुखणे ओसरते व प्रसंग विसरला जातो.

मात्र काही घरांत तसे घडत नाही. कोकणात, तसेच राज्याच्या अन्य भागांत आणि शेजारच्या कर्नाटकातही आढळणारा लाल विंचू डसला असता काही रुग्णांची अवस्था थोड्याच अवधीत वेगळे वळण घेते. दंशाची जागा पायाच्या बोटावर असते. तेथे जखम अशी दिसतही नाही. परंतु एक-दोन तासांत उलट्या सुरू होतात, अंगातून घामाच्या धारा लागतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात. पुढे छाती धडधडू लागते, श्वास कोंडतो आणि वेळीच उपचार न मिळाल्यास सकाळपर्यंत खेळते-बागडते मूल हातचे जाते.

नांगी टोचली पायाच्या बोटाला. मग संकट हृदयावर व फुप्फुसांवर का यावे? या प्रश्नाचे उत्तर मज्जासंस्थेच्या रचनेत व कार्यात आहे. शालेय पाठ्यपुस्तकांत तिला ‘चेतासंस्था’ असेही म्हटले जाते. ही संस्था कशी काम करते हे समजले, म्हणजे विंचवाच्या विषाचे कार्य समजते आणि रुग्णाला मांत्रिकाकडे न नेता दवाखान्यात का न्यावे, हेही आपोआप उमगते.

संदेशाचा मूळ घटक : मज्जापेशी

घर जसे विटांचे, तसे शरीर पेशींचे बनलेले असते. मज्जासंस्थेतील पेशींना मज्जापेशी म्हणतात. मानवी मेंदूत त्यांची संख्या सुमारे ८,६०० कोटी असल्याचा अंदाज आहे. प्रत्येक मज्जापेशीला एक मुख्य भाग, त्यातून निघालेले आखूड फाटे आणि एक लांब तंतू असतो. आखूड फाट्यांवाटे संदेश पेशीत येतो व लांब तंतूवाटे पुढे जातो. कंबरेच्या पातळीवर मज्जारज्जूतून निघून पायाच्या बोटापर्यंत पोहोचणारे तंतू मोठ्या माणसात सुमारे एक मीटर लांब असतात. अशा असंख्य तंतूंची जुडी म्हणजे मज्जातंतू किंवा बोलीभाषेतील ‘नस’ होय. रक्त वाहून नेणाऱ्या वाहिनीलाही आपण नसच म्हणतो. परंतु या दोन गोष्टी सर्वस्वी भिन्न आहेत.

मज्जातंतूतून जाणारा संदेश विद्युत् स्वरूपाचा असतो. पण ही वीज तारेतील विजेप्रमाणे वाहत नाही. मज्जापेशीच्या बाहेरील द्रवात सोडियमचे, म्हणजे मिठातील एका घटकाचे, प्रमाण अधिक असते, आत पोटॅशियमचे. पेशीच्या पातळ आवरणात अतिसूक्ष्म दारे असतात. संदेश आला की सोडियमची दारे उघडतात, बाहेरील सोडियम आत शिरते आणि त्या ठिकाणी विद्युत्‌भार पालटतो. सुमारे एक सहस्रांश सेकंदात ही दारे मिटतात, पोटॅशियम बाहेर पडते व पेशी पूर्वस्थितीला येते. तोपर्यंत शेजारची दारे उघडलेली असतात. भाताच्या खाचरावरून वाऱ्याची लाट जावी, तसा हा बदल तंतूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जातो.

ही दारे उघडणे जितके आवश्यक, तितकेच ती वेळेवर मिटणेही आवश्यक आहे. पुढे विंचवाच्या विषाचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावयाची आहे.

सर्व तंतूंचा वेग सारखा नसतो. ज्या जाड तंतूंवर स्निग्ध पदार्थाचे वेष्टण असते, त्यांतून संदेश सेकंदाला शंभर मीटरपर्यंत वेगाने धावतो. वेष्टण नसलेल्या बारीक तंतूंतून तो सेकंदाला एखादा मीटरच जातो. अंगठ्याला ठेच लागली असता प्रथम झटकन कळ येते आणि थोड्या वेळाने खोल ठणका सुरू होतो, याचे कारण हेच. कळीचा निरोप जलद तंतूंतून येतो. ठणक्याचा निरोप मंद तंतूंतून.

एका पेशीचा तंतू दुसऱ्या पेशीला चिकटलेला नसतो. मध्ये सूक्ष्म फट असते. संदेश तेथे पोहोचला, की तंतूच्या टोकाशी साठवलेले एखादे रसायन त्या फटीत सुटते आणि पलीकडील पेशीवरील ग्राहकांवर जाऊन बसते. किल्ली कुलपात बसावी तसा हा प्रकार असतो. अॅसिटिलकोलीन, नॉरअॅड्रेनलिन ही अशीच काही रसायने होत. शरीरातील संदेशवहन अशा रीतीने अर्धे विद्युत् व अर्धे रासायनिक असते. विषे आणि औषधे, दोन्ही बहुधा या रासायनिक टप्प्यावर किंवा वर सांगितलेल्या दारांवरच काम करतात.

मेंदू व मज्जारज्जू

मज्जासंस्थेचे मुख्य ठाणे म्हणजे मेंदू. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन साधारणपणे १,३०० ते १,४०० ग्रॅम असते. शरीराच्या वजनाच्या मानाने ते अवघे दोन टक्के. परंतु शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू वापरतो. रक्तपुरवठा काही मिनिटे जरी खंडित झाला, तरी मेंदूतील पेशी मरू लागतात आणि मेलेल्या पेशींची जागा नव्या पेशी सहसा घेत नाहीत. म्हणूनच निसर्गाने मेंदूला कवटीच्या भक्कम पेटीत ठेवले असून त्याभोवती तीन आवरणे व द्रवाचा थर योजिला आहे.

मेंदूचे स्थूलमानाने तीन भाग पडतात. मोठा मेंदू हा विचार, स्मरण, भाषा, संवेदना व ऐच्छिक हालचाली यांचे स्थान होय. त्याचा उजवा अर्धगोल शरीराच्या डाव्या बाजूचे आणि डावा अर्धगोल उजव्या बाजूचे नियंत्रण करतो. मागील बाजूस असलेला लहान मेंदू तोल व हालचालींतील मेळ सांभाळतो. डोक्यावर हंडा घेऊन बांधावरून चालणारी स्त्री पाण्याचा थेंबही सांडू देत नाही, ते लहान मेंदूच्या जोरावर. तिसरा भाग मेंदूच्या देठाचा. त्याच्या खालच्या टोकाला लंबमज्जा म्हणतात. श्वसन, हृदयाचे ठोके व रक्तदाब यांचे नियमन येथून होते.

लंबमज्जेच्या खाली मज्जारज्जू सुरू होतो. त्याची लांबी प्रौढ माणसात सुमारे ४५ सेंटिमीटर आणि जाडी करंगळीहून कमी असते. पाठीच्या मणक्यांच्या पोकळीतून तो कंबरेच्या वरच्या भागापर्यंत जातो. मेंदूपासून मज्जातंतूंच्या १२ जोड्या व मज्जारज्जूपासून ३१ जोड्या निघून शरीराच्या सर्व भागांत पसरतात. यांतील संवेदक तंतू शरीराकडून वर्दी आणतात, तर प्रेरक तंतू स्नायूंकडे व ग्रंथींकडे आज्ञा नेतात.

विचारापूर्वीची हालचाल

प्रत्येक वर्दी मेंदूपर्यंत जाऊन तेथून निर्णय येण्याची वाट शरीर पाहत नाही. यासाठी विंचवाचा विषय क्षणभर बाजूस ठेवून रोजच्या कामातील एक उदाहरण घेता येईल. हुबळी-धारवाड या जोडशहरातील गोकुळ रोड हा कारखान्यांनी व वाहनांनी गजबजलेला रस्ता आहे. अशा ठिकाणी वर्कशॉपमध्ये काम करताना एखाद्या कामगाराचे बोट तापलेल्या लोखंडाला लागले, तर काय घडते? ‘भाजले’ हे त्याला कळण्यापूर्वीच हात मागे आलेला असतो. बोटाच्या कातडीतून निघालेली वर्दी मज्जारज्जूत पोहोचते आणि तेथूनच हाताच्या स्नायूंना आज्ञा सुटते. त्याच वेळी एक प्रत मेंदूकडेही रवाना होते. पण ती पोहोचून वेदनेची जाणीव होईतो हात सुरक्षित झालेला असतो. या क्रियेला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात.

तोच कामगार सायंकाळी दुचाकीवरून घरी निघाला आणि वाटेत अपघात झाला, तर मात्र प्रतिक्षिप्त क्रिया त्याला वाचवू शकत नाही. कवटीवर बसणारा आघात मेंदूपर्यंत पोहोचतो. आणि मणका मोडून मज्जारज्जू तुटला, तर त्या जागेखालील शरीराचा मेंदूशी असलेला संबंध संपतो. हेल्मेट ही त्यामुळे कायद्याच्या धाकाने वागविण्याची वस्तू नसून कवटीला दिलेली दुसरी कवटी आहे. अपघातातील जखमी माणसाला हातापायांना धरून उचलू नये, मान व पाठ सरळ ठेवून फळीवरून हलवावे, असे जे सांगितले जाते, तेही मज्जारज्जूच्याच रक्षणासाठी.

न सांगता चालणारा कारभार

हात उचलणे, बोलणे, चालणे या क्रिया आपल्या इच्छेने होतात. परंतु हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, घाम, लाळ, डोळ्यांच्या बाहुल्यांचे आकुंचन यांवर आपली इच्छा चालत नाही. हा कारभार स्वायत्त मज्जासंस्था पाहते. तिचे अनुकंपी व परानुकंपी असे दोन विभाग आहेत.

अनुकंपी विभाग संकटकाळी पुढे येतो. रानात अचानक वाघाची डरकाळी ऐकू आली, तर छाती धडधडते, कातडीतील रक्तवाहिन्या आकसून अंग गार पडते, घाम फुटतो आणि रक्तदाब वाढतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अॅड्रेनलिन रक्तात सोडतात. पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी शरीर सज्ज होते. परानुकंपी विभाग याउलट विसाव्याचा कारभारी आहे. तो हृदयाचे ठोके मंदावतो, लाळ व पाचकरस वाढवतो आणि आतड्यांना चालना देतो.

बैलगाडीला जुंपलेल्या दोन बैलांप्रमाणे हे दोन विभाग एकमेकांना सांभाळून चालतात. दोन्ही बैल एकाच वेळी उधळले, तर गाडीचे काय होईल, याची कल्पना शेतकऱ्याला सांगावयास नको. लाल विंचवाचे विष नेमके हेच घडवून आणते.

विष काय करते?

विंचवाच्या विषातील काही घटक मज्जापेशीवरील सोडियमच्या दारांना जाऊन चिकटतात आणि ती वेळेवर मिटू देत नाहीत. आणखी काही घटक पोटॅशियमची दारे अडवितात. त्यामुळे पेशी पूर्वस्थितीला येऊ शकत नाही. एका संदेशानंतर थांबावयाचे, तेथे ती संदेशामागून संदेश पाठवीत राहते. दंशाच्या जागी असह्य कळा येतात, त्या यामुळेच.

विष रक्तात मिसळून शरीरभर पसरले म्हणजे स्वायत्त मज्जासंस्थेचे तंतूही असेच उत्तेजित होतात. आरंभी उलट्या, लाळ गळणे, भरपूर घाम व पुरुष रुग्णांत जननेंद्रियाला ताठरता येणे ही लक्षणे दिसतात. त्यापाठोपाठ अनुकंपी विभागाचा उद्रेक होतो. अॅड्रेनलिन व नॉरअॅड्रेनलिन यांचा रक्तात पूर येतो. हातापायांच्या रक्तवाहिन्या घट्ट आकसतात. म्हणून हातपाय गार पडतात व रक्तदाब वाढतो. आकसलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकते. ते मागे पडू लागले, की फुप्फुसांत पाणी साचते, खोकला येतो आणि तोंडाला गुलाबी फेस येऊ लागतो. रुग्ण दगावतो तो असा.

पायाच्या बोटावरील दंश हृदयाला का भोवतो, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. विषाने हृदयाकडे नेणारी वाट नवी काढलेली नसते. शरीराच्या रक्षणासाठी निसर्गाने जी संदेशयंत्रणा उभारली, तीच विषाच्या हाती सापडते.

बिरवाडीच्या दवाखान्यातील शोध

ही सर्व कारणमीमांसा व तिच्यावरील उपाय यांत महाराष्ट्रातील एका ग्रामीण डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे आजच्या जालना जिल्ह्यातील. १९७६ साली ते महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हाचा कुलाबा जिल्हा म्हणजे आजचा रायगड. लाल विंचवाच्या दंशाने तरुण माणसे व मुले डोळ्यांदेखत दगावत होती आणि वैद्यकाच्या पुस्तकांत त्यावर खात्रीचा उपाय मिळत नव्हता.

डॉ. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून निरीक्षणे नोंदविण्यास आरंभ केला. नाडी, रक्तदाब, श्वास, घाम, हातापायांचे तापमान यांच्या नोंदी होऊ लागल्या. त्यांतून मृत्यूचे कारण हृदयाचा थकवा व फुप्फुसांत साचणारे पाणी हे आहे, ही गोष्ट स्पष्ट होत गेली. धोक्याची पूर्वसूचना देणाऱ्या लक्षणांविषयीचा त्यांचा लेख १९८२ साली इंग्लंडमधील ‘लॅन्सेट’ या ख्यातनाम वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला.

रोगाचे मूळ समजल्यावर औषधाची दिशा सापडली. रक्तवाहिन्या आकसतात, कारण नॉरअॅड्रेनलिनची किल्ली त्यांच्यावरील ग्राहकांच्या कुलपात बसते. ते कुलूपच आधी बंद केले तर? प्राझोसिन हे औषध नेमके तेवढे काम करते. उच्च रक्तदाबावर ते वापरात होतेच. गोळीच्या रूपाने तोंडावाटे देता येत होते आणि महागही नव्हते. विंचूदंशावर त्याचा उपयोग डॉ. बावस्करांनी केला व त्याचे निष्कर्ष १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. हे औषध वापरात येण्यापूर्वी गंभीर दंशाच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. त्यानंतर ते तीन टक्क्यांच्या आसपास उतरले. या कामी त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचीही त्यांना साथ लाभली.

पुढे विंचूदंशावरील प्रतिविषही उपलब्ध झाले. महाड येथे ७० रुग्णांवर केलेल्या तुलनात्मक अभ्यासाचे निष्कर्ष २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिलेल्या ३५ रुग्णांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्णपणे लक्षणमुक्त झाले. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ जणांपैकी तितक्या वेळात ८ जण. प्रतिविष मज्जातंतूंवरील विषाचा पुरवठा तोडते आणि प्राझोसिन त्याचे परिणाम आवरते, असा याचा अर्थ होय. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री जाहीर झाली. मोठ्या शहरातील प्रयोगशाळेची वाट न पाहता तालुक्याच्या दवाखान्यातूनही जगाला उपयोगी पडणारे ज्ञान निर्माण होते, हा या कार्याचा आणखी एक धडा होय.

नाग व मण्यार : उलट प्रकार

मज्जासंस्थेवर हल्ला करणारे दुसरे परिचित शत्रू म्हणजे नाग व मण्यार. विंचवाचे विष संदेशांचा गोंगाट माजविते, तर या सापांचे विष संदेश अडविते. मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधील फटीत अॅसिटिलकोलीन हे रसायन आज्ञा पोहोचविते. नागाचे विष पलीकडील ग्राहकांवर ठाण मांडून त्याला जागाच देत नाही. मण्यारीचे विष तंतूच्या टोकांनाच निकामी करते. पापण्या मिटू लागतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही आणि अखेर श्वासाचे स्नायू थांबतात. माणूस शुद्धीवर असतो. परंतु आज्ञा पोहोचत नाही.

मण्यारीचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो आणि पुष्कळदा तो दुखतही नाही. पहाटे पोट दुखू लागले व पापण्या जड झाल्या, तर ही शक्यता ध्यानात घ्यावी. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच संयुक्त प्रतिविष उपलब्ध आहे. ते वेळेवर मिळणे व गरज पडल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास चालू ठेवणे, यांवर जीव अवलंबून असतो.

मंत्र का लागू पडल्यासारखा वाटतो?

गावोगावी विंचू ‘उतरविणारे’ असतात आणि त्यांच्यामुळे बरे झाल्याचे अनेक जण मनापासून सांगतात. हे सांगणारे खोटे बोलतात, असे नव्हे. विंचवाच्या सर्वच दंशांत विष शरीरभर पसरत नाही. मोठ्या काळ्या विंचवाचा दंश तर बहुधा ठणक्यावरच भागतो. असा ठणका काही तासांत आपसूक उतरतो. तेवढ्या अवधीत मंत्र म्हटला गेला, तर श्रेय मंत्राला मिळते. ज्या मुलाच्या शरीरात विष पसरलेले असते, त्याचे मात्र हेच तास वाया जातात.

आणखी एक फसवी गोष्ट आहे. गंभीर दंशात कित्येकदा दंशाच्या जागी फारशी कळ नसते. मूल ओरडत नाही म्हणून घरची माणसे निर्धास्त राहतात. परंतु कळ कमी आणि घाम, उलटी व गार हातपाय ही लक्षणे पुढे, असे चित्र दिसले, तर ते धोक्याचेच समजावे.

काय करावे, काय टाळावे

दंश झालेल्या व्यक्तीला धीर देऊन आडवे झोपवावे व दंशाची वेळ लक्षात ठेवावी. घाम, उलटी, लाळ गळणे, गार पडलेले हातपाय, धाप यांपैकी एकही लक्षण दिसताच रुग्णाला नजीकच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात हलवावे. लहान मुलांच्या बाबतीत लक्षणांची वाटही पाहू नये. वाहनाची सोय नसल्यास १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

दंशाच्या जागी कापणे, चोखणे, घट्ट दोरी आवळणे, चुना वा अन्य पदार्थ भरणे, दारू पाजणे हे सर्व प्रकार टाळावेत. प्राझोसिन हे औषध घरी ठेवून आपल्या मनाने देण्याचे नाही. त्याने रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. म्हणून रुग्णाला झोपवून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते दिले जाते. बरे वाटू लागल्यावरही डॉक्टर सांगतील तितका वेळ रुग्णाला दवाखान्यातच ठेवावे.

दंश टाळण्याचे उपाय साधे आहेत. घराभोवती दगडविटांचे ढीग, पेंढा व पालापाचोळा साचू देऊ नये. भिंतींच्या व जांभ्याच्या चिऱ्यांमधील भेगा लिंपून घ्याव्यात. चपला-बूट झटकून पायात घालावेत, कपडे व अंथरूण झाडून वापरावे. रात्री बाहेर पडताना बॅटरी बरोबर घ्यावी. जमिनीऐवजी खाटेवर, मच्छरदाणी लावून झोपल्यास विंचू व मण्यार या दोहोंपासून रक्षण होते. उन्हाळ्याच्या तोंडाशी व पावसाळा सरताना विशेष दक्षता घ्यावी. याच दिवसांपूर्वी आरोग्य केंद्रातील औषधांचा व प्रतिविषाचा साठा तपासून घेणे, हे संबंधित अधिकाऱ्यांचे व ग्रामपंचायतीच्या सदस्यांचे कर्तव्य ठरते.

शाळेतील एक प्रयोग

मज्जासंस्था हा विषय मुलांना पुस्तकातील आकृतीवरून कंटाळवाणा वाटतो. शिक्षकांना तो एका फूटपट्टीच्या साहाय्याने जिवंत करता येईल. एका मुलाने ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला धरून उभी ठेवावी. दुसऱ्याने खालच्या टोकाशी, शून्याच्या खुणेजवळ अंगठा व तर्जनी उघडी ठेवून तयार राहावे. पहिल्याने न सांगता पट्टी सोडावी, दुसऱ्याने ती पकडावी. पट्टी सुमारे २० सेंटिमीटर खाली आल्यावर पकडली गेली, तर एक पंचमांश सेकंद गेला असा हिशेब होतो. डोळ्यांनी पाहिले, मेंदूने जाणले, मज्जारज्जूतून आज्ञा गेली आणि बोटे मिटली. हा सारा प्रवास तेवढ्या वेळात झाला. याच तासाला विंचूदंशाची धोक्याची लक्षणे फळ्यावर लिहून दिली, तर ती त्याच दिवशी गावातील घराघरांत पोहोचतील. रात्री-अपरात्री धाकट्या भावंडाला विंचू डसला असता, ‘याचे हातपाय गार पडले आहेत, याला दवाखान्यात न्या’ असे सांगणारे मूल त्या घरात असेल.

शरीरातील संदेश सेकंदाच्या अंशात पोहोचतात. गावापासून दवाखान्यापर्यंत निरोप व रुग्ण पोहोचविण्यास मात्र आपण कित्येकदा सारी रात्र लावतो. हा विलंब कमी करणे कोणत्याही औषधाच्या हाती नाही. ते गावाच्याच हाती आहे.